चूक तुमची नाही

लोक व्हिडिओ गेम खेळतात, आपली लेक ते बघत बसते आणि याचा तिला पगार मिळतो, हे बाबांच्या गळी काही केल्या उतरत नसे. "आम्ही जन्मभर बस चालवली तेव्हा कुठे पोटाला मिळालं," ते म्हणायचे. "आणि तुला बसल्या जागी!"

आता तिचं काम म्हणजे नुसतं बघणं नव्हे. गेम बाजारात यायच्या आधी साध्यासुध्या माणसांना तो खेळायला बसवायचं, आणि आपण काचेमागच्या अंधाऱ्या खोलीतून ती कुठे अडतात ते टिपायचं. खेळणाऱ्याने मनात येईल ते मोठ्याने बोलत राहायचं, आणि तो कितीही अडला तरी बघणाऱ्याने मदतीला धावायचं नाही, हा नियम. शेवटी प्रत्येकाला एक वाक्य सांगायचं: चूक तुमची नाही, गेमची आहे. झोपेतून उठवलं तरी तिने ते म्हटलं असतं. आणि ते खरंच असायचं.

त्या आठवड्यात म्हाताऱ्या माणसांसाठीचा गेम होता. ठरलेल्या एक आजी आयत्या वेळी येईनात, तशी ती बाबांना घेऊन आली. घरच्या माणसाला बसवू नये, हे तिला कळत नव्हतं असं थोडंच आहे? पण मनात दुसरंच होतं. आई गेल्यापासून बाबा एकटे राहत. दादाचं एकच टुमणं, बाबा विसरायला लागलेत, घर बंद करून त्यांना माझ्याकडे नेतो. बाबांना घर सोडायचं नव्हतं आणि ती त्यांच्या बाजूने दादाशी कडाकडा भांडायची. आता बाबा गेम जिंकतील आणि दादाचं तोंड बंद होईल, असं तिला वाटलं. नसती उठाठेव, दुसरं काय!

तिच्या सहकाऱ्याने बाबांना खुर्चीत बसवलं, माइक लावला, सगळं समजावलं. "काका, या काचेमागे तुमची मुलगी आहे. तिला सगळं ऐकू येतं."

बाबांनी काचेकडे बघून हात हलवला. "झोपू नकोस गं तिकडे," म्हणाले.

गेम अगदी सोपा होता. टेबलावरची किल्ली घ्यायची, मागचं दार उघडायचं, बागेत जायचं. बाबांनी किल्ली झटकन उचलली आणि तिच्या जिवात जीव आला. मग ते स्वयंपाकघरात गेले, बाहेर आले, पुन्हा स्वयंपाकघरात गेले. दारावरून तर कितीदा गेले.

"ही किल्ली कशाची?" ते म्हणाले. "मघाशी सांगितलं असेल त्याने. परत विचारू नये. विचारलं की लोक कसेतरीच बघतात."

"दार दिसत नाहीये त्यांना," तिच्या शेजारचा डिझायनर कुजबुजला. "रंग भडक करू या." तिने नकारार्थी मान हलवली. दार चांगलं धडधडीत दिसत होतं.

बाबा बोलतच होते. बोला म्हटलं की बोलायचं, उभा जन्म शिस्तीत गेलेला माणूस. "घरीही हेच. दूध आणायला निघतो आणि कोपऱ्यावर सगळं पुसलं जातं. मग वाकून बुटाची लेस बांधत बसायचं, ओळखीचं कोणी दिसेपर्यंत. दादाला संशय आहे. पोरीला नाही. पोरीला कळता कामा नये. ती भांडते म्हणून तर मी घरात आहे."

हे बोलताना ते थेट काचेकडे बघत होते. त्यांच्या बाजूने ती काच म्हणजे आरसाच होता. त्यांनी त्यात बघून केस नीट केले.

नियम गेला खड्ड्यात, ती उठली आणि दार उघडून आत गेली.

बाबा एकदम ताठ बसले. चेहऱ्यावर नेहमीचं मिश्कील हसू आलं. "अगं, तू कधी आलीस?"

"आत्ताच," ती म्हणाली.

"तुमचा गेम काही फार अवघड नाही हं. जरा अडलो, एवढंच. माझं काही चुकलं का?"

वाक्य जिभेवर तयारच होतं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ते खोटं होतं. "नाही बाबा," ती म्हणाली, "चूक तुमची नाही. गेमची आहे."

"मग दुरुस्त होईल ना?"

तिने त्यांच्या हातातला कंट्रोलर घेऊन बाजूला ठेवला.

"दादाला सांग, बाबा पास झाले म्हणून," बाबा म्हणाले. "तूच सांग. तुझ्यापुढे त्याचं काही चालत नाही."

"सांगते," ती म्हणाली. मग ती खाली बसली आणि त्यांच्या बुटाची घट्ट बांधलेली लेस सोडून पुन्हा बांधू लागली, बराच वेळ, मान वर न करता.