गोल कोपऱ्यांची अक्षरं

मी एक जुनी पेटी आहे, मित्रांनो, पण बघणाऱ्याला मी नवीकोरी वाटते. माझं सगळं दुखणं त्यातच आहे. माझ्या पोटात इंग्रजी वाचायला शिकवणारी कार्डं आहेत. लाल किनारीच्या कार्डांवर एकेक अक्षर, निळ्या किनारीच्या कार्डांवर एकेक लहानसा शब्द आणि त्याचं चित्र, आणि हिरव्या किनारीच्या कार्डांवर अख्खी वाक्यं. लाल झाली की निळी, निळी झाली की हिरवी. हिरव्यांपर्यंत पोचलेलं मूल मग कुणाच्या मदतीशिवाय वाचू लागतं. सात वर्षांत किती मुलं तिथवर पोचली म्हणाल, तर एकही नाही. एक मुलगी निळ्यांच्या मध्यापर्यंत आली होती. मी तिचीच गोष्ट सांगणार आहे, पण आधी माझ्या जन्माची सांगायला हवी.

माझा जन्म ग्वाल्हेरच्या दौलतगंजातल्या एका छापखान्यात झाला. तिथे एरवी लग्नपत्रिका छापतात. महिपतराव नावाचे एक गृहस्थ माझ्यासाठी दोन दिवस तिथे स्टुलावर बसून होते. त्यांच्या पत्नी शांताताई शहराच्या लष्कर भागातल्या एका छोट्या मराठी शाळेत तीस वर्षं इंग्रजी शिकवत. लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठी कापून त्या घरीच कार्डं करायच्या, आणि प्रत्येक कार्डाचे चारही कोपरे कात्रीने गोल करायच्या. पोरांची बोटं कोवळी असतात, टोचायला नको, असं त्यांचं म्हणणं. इतकी बोटं त्या कार्डांवरून फिरली की पुठ्ठा फडक्यासारखा मऊ पडला होता. शांताताई गेल्यावर घर आवरताना महिपतरावांना तो गठ्ठा म्हणजे चिंध्या वाटल्या आणि त्यांनी तो रद्दीवाल्याला देऊन टाकला. चारच दिवसांनी एक जुनी विद्यार्थिनी भेटायला आली आणि बाईंची आठवण म्हणून एखादं कार्ड द्याल का, असं विचारू लागली. तेव्हा त्यांना कळलं आपण काय देऊन बसलो ते. रद्दीवाल्याकडे धावत गेले, पण माल पुढे गेला होता.

म्हणून त्यांनी मला घडवलं. हिच्या हातची होती तश्शीच हवीत, पण टिकाऊ हवीत, असं ते छापखानेवाल्याला पुन्हा पुन्हा सांगत होते. कार्डांवर चकचकीत रोगण चढवलं. सगळ्यांचे कोपरे गोल करून घेतले. माझ्या झाकणावर शांताताईंचं नाव सोनेरी अक्षरांत उमटलं, तेव्हा म्हातारा माणूस छापखान्यात सगळ्यांसमोर रडला. मला फार अभिमान वाटला. मुलांच्या बोटांसाठी इतका विचार करून केलेली वस्तू दुसरी कुठली असेल?

पहिल्या पुण्यतिथीला मला शाळेच्या स्वाधीन केलं. टाळ्या झाल्या, पेढे वाटले गेले. मुख्याध्यापक गुरुप्रसाद सरांनी मला दोन्ही हातांत धरून लोखंडी कपाटात ठेवलं आणि किल्ली फिरवली. मला वाटलं, उद्या उघडतील. कपाटात लेझिमांची जोडी होती, एक काळवंडलेला चषक होता आणि डांबराच्या गोळ्या होत्या. दाराच्या फटीतून पाचवीचा वर्ग ऐकू यायचा. सगळी मुलं एका सुरात इंग्रजीचा धडा म्हणायची. उद्या येत गेला आणि जात गेला.

वर्षातून एक दिवस मात्र माझा असायचा. पुण्यतिथीला महिपतराव यायचे. सर मला टेबलावर ठेवायचे, ते एकेक कार्ड उचलून उजेडात धरायचे आणि त्यांचा चेहरा निवायचा.

"गुरुप्रसाद, हिची वस्तू तुम्ही तळहातावरच्या फोडासारखी जपलीत," ते म्हणायचे.

सर म्हणायचे, "काका, एक खरोच नाही तिच्यावर. बघून घ्या."

आता मला सांगा, मित्रांनो, इतकी शाबासकी मिळाल्यावर कुठला मुख्याध्यापक मला पोरांच्या हातात देईल? सर काही दुष्ट नव्हते. त्या एका दिवशी म्हाताऱ्याला वाईट वाटू नये, एवढंच ते बघत. त्यासाठी उरलेलं वर्षभर मला अंधारात राहावं लागे. कौतुकाचा मला राग यायला लागला.

मग हेमांगीताई आल्या. तरुण, वर्षभराच्या करारावर घेतलेल्या. त्यांच्या वर्गात सोनिका होती. पाचवीत इंग्रजीत पहिली. धडा वाच म्हटलं की उभी राहून घडाघडा म्हणायची. एक दिवस हेमांगीताई तिच्या पाठीमागे उभ्या होत्या, तेव्हा त्यांना दिसलं की सोनिकाचं बोट एका ओळीवर आहे आणि तोंड तीन ओळी पुढे गेलंय. त्यांनी मधलाच एक शब्द दाखवून विचारला. सोनिकाने बोट पुन्हा पहिल्या ओळीवर नेलं.

"मॅडम, पूरा पाठ याद आहे मला," ती हळूच म्हणाली, "पण सुरुवातीपासून म्हणावा लागतो."

पोरगी पाच वर्षं शाळेत येत होती आणि तिला एक शब्द वाचता येत नव्हता. ती शाळा पाचवीपर्यंतच होती. पुढे गोरखीकडच्या एका मोठ्या शाळेत तिला घालायचं, असं तिच्या आईने, शामलाने, मनात धरलं होतं. तिथे प्रवेशाच्या वेळी इंग्रजीचं एक पान समोर ठेवून वाचायला लावत. मार्चमध्ये ते पान यायचं होतं आणि दिवाळी नुकतीच सरली होती.

कपाट झाडायचं आहे, असं सांगून हेमांगीताईंनी किल्ली मागून घेतली आणि मला बाहेर काढलं. तेव्हापासून रोज मधल्या सुट्टीत व्हरांड्यात आमची बैठक बसू लागली. काय सांगू तुम्हाला! सोनिकाने पहिलं लाल कार्ड हातात घेतलं, त्याच्या गोल कोपऱ्यावरून अंगठा फिरवला, आणि आपण कशासाठी आहोत ते मला सहा वर्षांनी कळलं. महिनाभरात लाल कार्डं झाली. तिने पहिला निळा शब्द आवाज जोडून जोडून वाचला. मग चित्राकडे बघितलं, आणि सूर्य दिसल्यावर पुन्हा शब्दाकडे बघितलं. शब्द आणि चित्र एकच निघाले म्हणून ती हसली. डबा खाऊन ती तशीच बसली होती. त्या सूर्याच्या कार्डाला तिचा हळदीचा अंगठा लागला. माझ्यावर पडलेला तो पहिला डाग. मी तो दागिन्यासारखा मिरवला.

निळी कार्डं अर्धी झाली आणि जानेवारीतली पुण्यतिथी आली. महिपतरावांनी नेहमीसारखी कार्डं उजेडात धरली. सूर्याच्या कार्डाशी त्यांचा हात थांबला. त्यांनी रुमाल ओला करून डाग पुसून बघितला. निघेना. ते खुर्चीत बसले. सरांचा चेहरा उतरला.

हेमांगीताई पुढे झाल्या. "काका, तो सोनिकाचा अंगठा आहे. ती आता वाचायला लागलीये. अजून दोन महिने ही पेटी मिळाली, तर ती पूर्ण वाचेल."

"वाचू दे की," महिपतराव म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, आणि म्हणूनच तो ऐकवत नव्हता. "पण तिची एक वस्तू मी एकदा घालवून बसलोय, बाई. पुन्हा नाही घालवायची. मुलं म्हटली की हे होणारच. मी घरी नेतो."

शांताताईंची कार्डं कशाने मऊ झाली होती, हे त्यांना कुणी सांगितलं नाही. मला सांगता आलं असतं तर! सरांनी दहा वेळा माफी मागितली आणि मला स्वतः त्यांच्या पिशवीत ठेवलं. त्या संध्याकाळी मी नया बाजारात त्यांच्या घरी आले. त्यांनी खोडरबर घेऊन तो अंगठा घासघासून काढला. त्याच्याबरोबर सूर्याचा थोडा भागही गेला. मग त्यांनी मला शांताताईंच्या फोटोखाली काचेच्या कपाटात ठेवलं, झाकण उघडं करून, थोडी कार्डं पुढे मांडून. सगळ्यांत पुढे एक हिरवं कार्ड, रंग छान दिसतो म्हणून.

पुढचं मला शामलाच्या तोंडून कळलं, कारण ती महिपतरावांकडे सकाळी पोळ्या करायला येते आणि एकटी असली की स्वतःशी बोलते. या पेटीशी तिच्या मुलीचा संबंध होता, हे तिने त्यांना कधी सांगितलं नाही. हातचं काम जाईल अशी भीती असेल. हेमांगीताईंना सरांनी त्या महिन्याअखेर निरोप दिला. मधल्या सुट्टीतली बैठक तिथेच संपली. मार्चमध्ये सोनिका त्या मोठ्या शाळेत गेली. समोर पान ठेवलं. लहान लहान शब्द तिने वाचले, मोठ्या शब्दाशी अडली. पुन्हा अडली. मग घाबरून तिने तिच्या पुस्तकातला पाठ असलेला धडा पहिल्यापासून म्हणायला सुरुवात केली. पान भलतंच होतं आणि ती भलतंच म्हणत होती. समोरच्या बाई हसल्या नाहीत, एवढंच. पान उलटं ठेवून त्यांनी पुढच्या मुलीला हाक मारली.

पोळ्या लाटता लाटता शामला मुलीचं नाव न घेता परीक्षेचं सांगत होती, आणि महिपतराव दारात उभे राहून ऐकत होते. फार वाईट झालं म्हणाले. आमची ही असती तर तिने शिकवलं असतं पोरीला, असंही म्हणाले. मी त्यांच्यापासून चार हातांवर होते.

सुट्टीत एक दिवस सोनिका आईबरोबर आली. महिपतरावांनी तिला आजीच्या फोटोला नमस्कार करायला सांगितलं. तिने हात जोडले, आणि मग तिची नजर खाली माझ्यावर आली. ती काचेला नाक लावून उभी राहिली. पुढच्या हिरव्या कार्डावर तीन शब्दांचं वाक्य होतं. पेटी उघड, असा त्याचा अर्थ. शेवटचा शब्द तिला येत होता. निळ्या कार्डांत तो झाला होता.

"बॉक्स," ती वाचून गेली. मग पहिल्या शब्दाकडे आली. ओठ हलले. एक आवाज निघाला, दुसरा त्याला जोडला गेला, आणि तिथेच थांबला. तिने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. पुन्हा तिथेच.

"आजोबा, हे एक बार बाहेर काढाल?"

"नको गं बाळ. आत्ता कुठे ती नीट राहिलीये."

"ठीक है," सोनिका म्हणाली. काचेवर तिच्या बोटांचे ठसे उमटले होते. कुणी सांगायच्या आधी तिने ते फ्रॉकने पुसून टाकले. त्यानंतर ती आली नाही. शामला म्हणते, आता ती घरीच मदत करते, पुढच्या वर्षी बघू.

मित्रांनो, माझ्यासारख्या वस्तू सहसा तुम्हाला विनवतात की आम्हाला जपा. मी तसं म्हणणार नाही. मला सात वर्षं जपलं आहे. तुमच्या शाळेतही एखादं कुलूपबंद कपाट असेल, आणि त्यात माझी एखादी बहीण नवीकोरी बसलेली असेल. तिला मागून घ्या. खरकट्या हातांनी घ्या, वाकवा, हरवा, मऊ पडेपर्यंत वापरा. माझं आता काही होईल असं वाटत नाही. महिपतराव रोज सकाळी काच पुसतात. उघड म्हणणारं वाक्य मी रोज त्यांच्यासमोर धरते, आणि त्यांना तर इंग्रजी चांगलं वाचता येतं.