एप्रिलातलं पाणी

मी बंधाऱ्यातला मोजखांब बोलतोय. अंबड तालुक्यात, डोंगराच्या कडेला आमचं गाव आहे. गावाखालच्या नाल्यावर सिमेंटचा बांध आहे. त्या बांधाच्या पोटात, गाळात पाय रोवून मी उभा असतो. अंगावर पांढऱ्या-तांबड्या पट्ट्या आहेत. पाणी किती आहे ते माझ्याकडे बघून कळतं. एवढंच माझं काम. पण या उन्हाळ्यात असं काही झालं, की तेव्हापासून मला स्वस्थ उभं राहवत नाही.

माझा जन्म जालन्याच्या एमआयडीसीतला. जहाजातून आलेलं परदेशी भंगार, आपल्याकडचे मोडके फाळ, कुणाच्या सायकलचं चाक, असं सगळं एका भट्टीत वितळलं आणि त्यातून मी निघालो. म्हणून मी नेमका कुठला, ते मला सांगता येत नाही. चिमट्यात धरून ओढणाऱ्या कामगारांचे घामेजलेले चेहरे तेवढे आठवतात.

गावात मला टेम्पोतून आणलं ते इथल्याच रखमाजी नावाच्या शेतकऱ्यानं. तेव्हा आमच्या डोंगरावर पाणी अडवायचं मोठं काम चाललं होतं. पैसा जर्मनीतल्या लोकांनी पाठवला होता, आपल्या सरकारनं हात लावला होता आणि घाम गावाचा होता. घरटी एक माणूस चर खणायला जायचा. जर्मनीहून एक उंच साहेब पाहायला आले, तेही टिकाव घेऊन उभे राहिले. थोड्याच वेळात त्यांच्या तळहाताला फोड आले. "अगं बाई, लोण्याचे हात हायत की!" म्हणून बाया हसल्या. साहेबांना शब्द कळले नाहीत, पण तेही हसले. एवढ्या लांबचं माणूस आपल्या नाल्यापायी हात सोलून घेतं, याचं मला फार अप्रूप वाटलं.

बांध झाला, रखमाजीनं मला रोवलं आणि गावानं एक रीत पाडली. पावसाळा सरला की कार्तिकात सगळ्यांनी काठावर जमायचं. एकानं पाण्यात उतरायचं, माझ्या अंगावर पाणी जिथं टेकलंय तिथं हात ठेवायचा आणि मोठ्यानं हाक द्यायची. वरच्या पट्टीला असलं तर "भरला!" मधल्या पट्टीला असलं तर "अर्धा!" पाणीच नसलं तर "कोरडा!" मग काठावरच्या सगळ्यांनी तोच शब्द परत म्हणायचा. म्हणजे पुढे कुणी म्हणू नये, की मी ऐकलंच न्हाई. भरला असला तर गहू-कांदा. अर्धा असला तर ज्वारी-हरभरा. कोरडा असला तर पाणी फक्त माणसांना, जनावरांना आणि उभ्या झाडांना.

आधी ही हाक रखमाजी द्यायचा. तो गेला, तेव्हापासून त्याची बायको मालनबाई देते.

पुढे गावात बोअर झाले. लोक कार्तिकात कमी येऊ लागले. हाक व्हायची, पण तिच्याप्रमाणे कुणी पेरायचं नाही. गाळ चढत गेला. कुणी मला म्हैस बांधली, कुणी लुगडी वाळत घातली. एक बगळा मात्र नेमानं डोक्यावर येऊन बसायचा. मी वाट पाहत राहिलो.

मग यंदा एप्रिलात बातमी आली, की इथिओपिया नावाच्या देशातून पाहुणे येणार आहेत. तिकडेही आपल्यासारखेच डोंगर आणि आपल्यासारखाच पाऊस. दोन्ही देशांनी मिळून ठरवलं होतं, की तिकडच्यांनी इकडचं काम बघावं आणि तसं त्यांच्या डोंगरात करावं. शिवाय त्यांना पसंत पडलं, तर आमच्या गावात शिकवणीचं केंद्र होणार होतं. बाहेरदेशचे लोक येतील, गावातल्या पोरांना काम मिळेल.

सरपंच रामप्रसाद चार जणांना घेऊन काठावर आला. माझे पाय उघडे पडले होते आणि भोवती गाळाला भेगा गेल्या होत्या.

"पाहुणे काय गाळ पाहायला येऊन राह्यले का?" तो म्हणाला. "पाणी दिसलं पाहिजे. बिलकुल दिसलं पाहिजे."

"पाऊस काय तुझ्या खिशात हाय?" मालनबाईनं विचारलं.

"पाऊस न्हाई मावशी, मोटारी हायत. तुमची हीर तर बांधाला लागूनच. जेवढं हाय तेवढं सोडा, बाकीचे बी सोडतील."

"माझ्या मोसंबीला फळ हाय बाबा. हिरीत हाय ते पाणी मला मिरगापोतर पुरवायचंय."

मालनबाईचा लेक भारत बाजूलाच उभा होता. तो जालन्याला लोखंडाच्या कारखान्यात भट्टीवर जातो. रोज मोटारसायकलवर जाणं-येणं. उजव्या हातावर भाजल्याचा लांब व्रण आहे.

"माय, दोन दिसाचा सवाल हाय," तो म्हणाला. "केंद्र झालं का मला गावातच काम लागंल. सरपंचानं शब्द दिलाय. मंग भट्टी बंद."

मालनबाईनं त्याच्या हाताकडे पाहिलं आणि मोटारीच्या पेटीची किल्ली त्याच्यापुढे धरली. दुपारी लाईट आली तेव्हा भारतनं मोटार चालू केली.

माझ्या पायांशी पाणी आलं. पावसाळ्यात ते येतं तेव्हा मला कोण आनंद होतो! डोंगराची माती, पालापाचोळा, सगळ्याचा वास घेऊन ते येतं. हे पाणी मुकाट्यानं आलं. गाळ ते पीत होता, ऊन ते पीत होतं, आणि तरी आठ-दहा मोटारींच्या जोरावर ते चढत होतं. ओल लागली म्हणून गाळातला एक बेडूक वर आला आणि इकडेतिकडे बघत बसला. त्याची मला दया आली. सांगणार तरी कसं त्याला?

पाहुणे आले. हलगी वाजली, फेटे बांधले, नारळ दिले. पाहुण्यांत अल्माझ नावाच्या एक बाई होत्या. अंगानं किरकोळ, डोक्यावर पांढरी ओढणी. त्यांच्या भागातल्या कामाचं त्याच ठरवणार होत्या. त्यांचं बोलणं मराठीत सांगायला जालन्याच्या एका संस्थेतली श्रद्धा आली होती.

पाणी बघून अल्माझबाई थबकल्या.

"त्या विचारतायत, उन्हाळ्यात दरवर्षी एवढं पाणी असतं का?" श्रद्धा म्हणाली.

"दरवर्षी, मॅडम. बराबर एवढंच," रामप्रसाद म्हणाला.

अल्माझबाईंचा चेहरा असा उजळला, की मला बघवेना. त्या भराभरा बोलू लागल्या. श्रद्धानं सांगितलं, "त्या म्हणतायत, मग असा बांध झाला की आमच्याकडच्या बायकांना उन्हाळी भाजीपाला लावायला सांगते. त्यांनी बियाणं साठवून ठेवलंय, त्या फक्त माझ्या निरोपाची वाट बघतायत."

मालनबाईनं पदर तोंडाशी धरला.

मग अल्माझबाईंनी माझ्याकडे बोट केलं. हाकेची रीत त्यांच्या कानावर आली होती, ती त्यांना पाहायची होती. रामप्रसाद खूश झाला. "मालनमावशी, उतरा! भरला म्हणा, जोरात!"

मालनबाई लुगडं खोचून पाण्यात उतरली. पाणी टेकलं होतं तिथं तिनं तळवा ठेवला. तिनं काठावरच्या भारतकडे पाहिलं. मग तो हात माझ्या अंगावरून खाली सरकला, पाण्यात बुडाला, कोपरापर्यंत, दंडापर्यंत, आणि माझ्या पायाशी गाळाला जाऊन टेकला.

"कोरडा!" तिनं हाक दिली.

हलगी थांबली.

"मावशी, उन्हानं डोकं फिरलं का?" रामप्रसाद ओरडला.

"कोरडा!"

काठावरून एक ठणठणीत आवाज आला, "कोरडा!" ती सुरेखा होती, रामप्रसादचीच बायको. त्यानं डोळे वटारले.

"असं काय पाहून राह्यले?" ती म्हणाली. "हाक आल्यावर म्हणावंच लागतंय की!"

मग एकेक करत सगळा काठ बोलला. भारतचे ओठ मात्र मिटलेले होते.

"ताई, त्यांना नीट सांगा," मालनबाई श्रद्धाला म्हणाली. "हे पाणी हिरीतलं हाय, काल-परवा सोडलंय. बांध खोटा न्हाई. पाऊस झाला तं माघापोतर पाणी ऱ्हातं, ज्वारी-हरभरा मस निघतो. उन्हाळ्यात न्हाई ऱ्हात. त्या बायांना म्हणावं, बी पावसाळा सरल्यावर टाका. उन्हाळ्यात टाकलं तं जळंल."

श्रद्धानं सांगितलं. अल्माझबाईंनी चपला काढल्या. मग त्या पाण्यात आल्या, मालनबाईशेजारी उभ्या राहिल्या आणि त्यांनी एकच विचारलं, "कुणाच्या विहिरीतलं?"

मालनबाईनं आपल्या मोसंबीकडे हात केला. अल्माझबाई त्या झाडांकडे बघत राहिल्या.

पाहुणे पिठलं-भाकरी खाऊन गेले. केंद्राचं काय झालं ते कुणाला ठाऊक नाही. पाणी आठवड्यात आटलं. रामप्रसाद मालनबाईच्या शेताच्या कडेनं जातो, पण हाक मारत नाही. तिच्या विहिरीत आता पाणी नाही, मोसंबीची पानं वळलीत, लिंबाएवढी फळं गळून खाली पडतात.

भारत अजून भट्टीवरच जातो. परत येताना मोटारसायकलच्या दोन्ही बाजूंना पाण्याचे कॅन बांधून आणतो आणि झाडांच्या बुडाशी ओततो. सगळ्या झाडांना पुरत नाही. मग कुठलं झाड सोडायचं म्हणून मोसंबीच्या ओळीत उभा राहतो. मायलेकांचं बोलणं बंद आहे. मालनबाई भाकरी फडक्यात बांधून शेताच्या बांधावर ठेवते. तो ती खातो आणि फडकं झटकून, घडी घालून तिथंच ठेवतो.

मला इथून सगळं दिसतं आणि मला हलता येत नाही. वाचकहो, कधी या बाजूला आलात तर माझ्यापाशी या. मला रंग नको, हार नको. कार्तिकात काठावर उभे राहा आणि जी हाक येईल ती मोठ्यानं म्हणा, बस्स. पाणी कमी असलं तर कमी म्हणा. मला त्याची लाज वाटत नाही.

मालनबाई तर येईलच. पण भारत येईल का, आणि आला तर तोंड उघडेल का, ते मला समजत नाही. तेवढ्यासाठी मी गाळात ताटकळत उभा आहे.