पाहुणीबाईंचा हंगामी शेवट

शिड्या बनवणाऱ्या त्या कारखान्यात तिला सगळे 'पाहुणीबाई' म्हणत. पाठीमागे, अर्थात. तोंडावर मॅडम. तिचं कामच तसं होतं: एखाद्या कंपनीचा मुख्य अधिकारी सोडून गेला की नवा मिळेपर्यंत त्याच्या खुर्चीत बसायचं, कायमच्या नोकरीतल्या माणसांनी वर्षानुवर्षं टाळलेली घाण उपसायची आणि चालू पडायचं.

इथली घाण म्हणजे मामा. खरेदीचा प्रमुख आणि मालकांचा सख्खा मेव्हणा. मालकांची मुलं मामा म्हणत, म्हणून अख्खा कारखाना म्हणे. शिडीच्या पायऱ्या ज्या रिव्हेटनी बसवतात ते मामा स्वस्तातले घ्यायचा. ते सैल व्हायचे. गेल्या वर्षी एक रंगारी पायरीसकट खाली आला. अजून कुबडी घेऊन चालतो. गोदामापासून हिशेबखात्यापर्यंत सर्वांना हे ठाऊक होतं, आणि सर्व जण गुळणी धरून बसले होते.

कायम माणूस कसा ओळखावा

टेबलाखाली त्याच्या वेगळ्या चपला असतात. खुर्चीवर घरून आणलेली उशी. बैठकीत तो मान हलवतो, पण अशी, की तो हो म्हणाला की त्याची मान अवघडली होती, हे पुढे कुणाला सांगता येऊ नये. अगदीच अडकला तर म्हणतो, "बघू."

उत्पादनप्रमुख पहिल्याच आठवड्यात तिच्याकडे आला. "मॅडम, मामाचं तुम्हीच काय ते करा. तुम्हाला काय, तुम्ही जाणार. आम्हाला इथंच मरायचंय."

"मग मरताय कधी? की तेही माझ्यावरच ढकलणार?"

तो हसला. कायम माणसं अपमान हसून घेतात; तो पगारातच धरलेला असतो.

वडील, फोनवर

"या वेळी तरी ठेवून घेतायत का तुला?"

"बाबा, मी काय भांडं आहे ठेवून घ्यायला?"

"भांडं असतीस तर निदान एका घरात राहिली असतीस. बॅगा भरायचं वय आहे का हे? मी एका टेबलावर जन्म काढला."

"काढलात. आणि त्या टेबलाइतकंच बोललात."

बाबांनी फोन ठेवला. भाड्याच्या खोलीत, दुसऱ्या कुणीतरी निवडलेल्या पडद्यांकडे बघत, ती गुडघ्याला मलम चोळत बसली. बॅगा भरायचं वय. म्हातारा नेमका दुखऱ्या जागी बोट ठेवायचा.

मालक

गुरुवारी तिने मालकांना सांगितलं: सोमवारच्या बैठकीत मामाला काढते, उरलेले रिव्हेट भंगारात, विकलेल्या शिड्या परत मागवायच्या. मालकांनी मान हलवली. शुक्रवारी तिला आत बोलावून त्यांनी कायमची नोकरी देऊ केली. शिवाय राहायला घर.

"किती दिवस पाहुण्यासारख्या राहणार? आता घरच्या व्हा."

"आणि मामा?"

"घरातल्या गोष्टी घरात हळूहळू सुटतात हो. सोमवारी सांगा."

ही नोकरी नव्हती, तोंडात कोंबायचा बोळा होता, हे तिला जिना उतरायच्या आत कळलं. मामा रिव्हेट घ्यायचा तशीच मालकांनी माणसं घेतली होती. स्वस्तात. तिला हसू आलं.

हंगामी शेवट

(कायमचा सापडेपर्यंत हा चालवून घ्यावा.)

सोमवारी भर बैठकीत ती म्हणाली, "मामा, उठा. तुमचं काम संपलं. माझंही." मग तिने मालकांकडे पाहिलं. "घर दुसऱ्या कुणाला तरी द्या, मला पाठीवर छप्पर घेऊन फिरायची सवय आहे." मामाचा चहा तसाच राहिला. शिड्यांनी भरलेला ट्रक फाटकातून मागे वळवला गेला. ती बॅग उचलून निघाली, आणि उशा घेऊन बसलेली ती सगळी जमात खिडकीतून बघत राहिली.

असा शेवट फार दिवस टिकत नाही.

कायमचा शेवट

शनिवारी ती नुसतं बघून येऊ म्हणून घर बघायला गेली. स्वयंपाकघरात ऊन येत होतं. तिने पडद्यांची मापं घेतली.

सोमवारच्या बैठकीत मामाने बिस्किटांची बशी तिच्याकडे सरकवली. "घ्या ना. आता आपल्याच तुम्ही." खाली आवारात ट्रकमध्ये शिड्या चढत होत्या; त्यांचा खणखणाट वर ऐकू येत होता.

उत्पादनप्रमुख घसा खाकरून म्हणाला, "मॅडम, तो रिव्हेटचा विषय..." आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच तो भर बैठकीत काही बोलला होता.

सगळे तिच्याकडे बघू लागले. तिने मान हलवली. कशी, ते पुढे कुणालाच सांगता आलं नाही.

"बघू," ती म्हणाली.

ट्रक सुरू झाला, फाटकातून बाहेर पडला. उत्पादनप्रमुख तो दिसेनासा होईपर्यंत खिडकीतून बघत होता. मग त्याने तिच्याकडे पाहिलं, आणि आजवर ती त्याच्याकडे जशी बघायची तशीच त्याची नजर होती.

"मॅडम, तुमच्या खुर्चीला एक उशी मागवू?"

"नको," ती म्हणाली. "मी घरून आणीन."