तिचं वाचून होईपर्यंत

उस्मानपुऱ्यातल्या माझ्या घरातून मी संगणकावरचा एक संदेशफलक चालवते. जुन्या पद्धतीचा, काळ्या पडद्यावर नुसती अक्षरं. फोटो नाहीत, जाहिराती नाहीत, आणि नाक मुरडणाऱ्यांना तिथं प्रवेशही नाही. सभासद मोजके. त्यांनी काय लिहावं ते त्यांचं त्यांनी बघावं, पण वाचायचं कसं, म्हणजे पानावर किती ओळी, अक्षर केवढं, पान कधी सरकायचं, हे ज्याला हवं तसं मी जुळवून देते. या कामात माझा हात कुणी धरू शकत नाही.

माझा थोरला भाऊ बिभीषण फर्दापूरला एकटा राहायचा. लग्न केलं नाही, पर्यटकांसाठीचा लॉज बंद केला, आणि मग माणसांशी बोलणंही हळूहळू बंद केलं. फलकावर मात्र रोज दुपारी यायचा, वाचायचा. तेवढाच धागा उरला होता, आणि तो तुटला तर दादा हातचा जाईल या धास्तीनं मी तो म्हणेल ते करत होते.

आधी त्यानं लिहिलं, "योगे, पान लई झपझप पळतंय. जरा थांबव." मी पानाच्या शेवटी थांबा घातला, कळ दाबल्याशिवाय पुढचं पान यायचं नाही. थोड्याच दिवसांनी पुन्हा आलं, "माझं वाचून होतं, पर तिचं होत नाय. दोन कळा ठेव. एक माझी, एक तिची."

"कोण ती?" मी विचारलं.

"इचारू नको. तुला जमतंय का, तेवढं सांग."

जमत होतं, हीच तर पंचाईत. भांडले असते तर तो यायचाच बंद झाला असता. शहाणपण गुंडाळून ठेवलं आणि त्याच्यापुरती दोन कळांची सोय केली: पहिल्या कळेला कोपऱ्यात ठिपका उमटायचा, दुसऱ्या कळेला पान सरकायचं. फलक चालवणाऱ्याला सभासदाचा पडदा बघता येतो, तशी मी बघत बसायचे. ठिपका लगेच यायचा. पान मात्र बऱ्याच वेळानं सरकायचं, जणू कुणी अक्षरांवर बोट ठेवून वाचत असावं. दोन्ही कळा तोच दाबतो, असं मी स्वतःला बजावत होते.

एका दुपारी त्याचं पान उघडं होतं, कोपऱ्यात ठिपका होता. मी फोन लावला. मागं एसटीचा हॉर्न वाजला.

"कुठं आहेस रे दादा?"

"स्टँडवर. च्या पितोय."

"मग घरी वाचतंय कोण?"

मी विचारत असतानाच माझ्यासमोर पान सरकलं, आणि थांबलं.

"ती बसली असंल," दादा म्हणाला. "मी माझी कळ दाबून आलोय. झालं व्हय तिचं?"

तशीच उठले आणि गाडी काढून फर्दापूर गाठलं. घरात कुणीही नव्हतं. दादाला म्हटलं, चल माझ्याकडं. "चल की," म्हणाला तो, इतक्या सहज की मला रडूच आलं.

उस्मानपुऱ्यात दादा बघता बघता माणसात आला. पोटभर जेवू लागला, शेजाऱ्यांशी क्रिकेटवरून वाद घालू लागला. दोन कळांची ती भानगड मी मुळासकट पुसून टाकली. जिंकले बाई एकदाची, असं वाटलं.

काल संध्याकाळी मी फलक वाचत बसले होते. बाजाराला निघालेला दादा दारात थबकला. त्यानं माझ्याकडं बघितलं, मग माझ्या जरासं मागं.

"कळ काढलीस ते बेस केलंस," तो मऊ आवाजात म्हणाला. "आता तिला दाबायला नको. तुझ्या खांद्यावरनं दिसतंय समदं."

"दादा, इथं ये. बस माझ्याजवळ."

"नको गं बाई. लई दिवसांनी सुटलोय मी." तो चपला घालू लागला. "मागं तेवढं बघू नको. नाय आवडत तिला."

दार लागलं. मला आधी त्याचा संताप आला, मग भयंकर भीती वाटली, आणि मान काही वळेना. समोरचं पान मी केव्हाच वाचून संपवलं होतं. बोट कळेवर होतं. पण मी ती दाबली नाही; तिचं अजून व्हायचं होतं.