हळवी बाजरी

थोरल्या दिरांच्या बाजरीत दाणा भरला नाही, याचा दोष त्यांनी आभाळाला दिला नाही. दिला माझ्या नवऱ्याला. बांध एक, माती एक, पेरणीही एकाच दिवशी. फरक फक्त बियाण्याचा. आम्ही हळवं हायब्रीड पेरलं, लवकर निसवणारं. त्यांनी गरवं, उशिरा येणारं, हातभर लांब कणसाचं. गेल्या वर्षी आमची बाजरी फुलोऱ्यात असतानाच झड लागली, पराग धुऊन गेला आणि कणसं बोळकी निघाली. त्यांची नंतर उघडिपीत फुलली आणि भरभरून पिकली. मग वर्षभर त्यांनी आम्हाला टोमणे मारले. टोमण्यांबरोबर दाणेही दिले, हे मी नाकारत नाही.

यंदा पारडं फिरलं. आमचा दाणा भरत आला आणि पावसाने पाठ फिरवली. त्यांची कणसं तेव्हा कुठे बाहेर पडत होती. तापल्या वाऱ्याने फुलोरा करपला, कणीस चोळलं तर हातात नुसता भुसा. म्हणजे यंदा दोन्ही घरांची पोटं आमच्या रानावर होती. सगळ्या पाखरांचीही, कारण दुसरीकडे दाणाच नव्हता.

मचाण बांधावर होतं. दोन्ही घरच्या बायकांनी तिथून दोन्ही रानं राखायची, ही सासऱ्यांनी घालून दिलेली रीत. जाऊबाई आणि मी उजाडल्यापासून गोफणी घेऊन उभ्या असायचो. पाखरांसाठी वाळवलेल्या मातीचे गोळे, दगड फक्त रानडुकरांसाठी. तिचा नेम असा, की मी नुसती मोळी बांधायच्या लायकीची वाटावी.

त्या सकाळी दीर आले ते बैल घेऊनच, आणि सरळ आमच्या भरल्या रानात त्यांनी ते सोडले. बैलांनी कणसं ओरबाडायला सुरुवात केली. नवरा धावला, त्याने एकाची वेसण धरली. दिरांनी मागून त्याच्या पाठीत काठी घातली. काठी मोडली तेव्हा अर्धी तोंडावर मारली. माझा नवराही काही गरीब गाय नाही. त्याने भावाच्या दंडाचा लचका तोडला. दोघे बाजरी मोडत लोळले. मग दीर त्याच्या छातीवर बसले आणि कमरेचा विळा काढला.

"माझ्या घरात दाणा नाही, तर कुणाच्याच नको," ते म्हणाले.

नवऱ्याच्या गळ्यावर रक्ताची रेघ उमटली. मला मचाणाची शिडी कुठल्या बाजूला आहे तेही आठवेना. जाऊबाई मात्र बैलांच्या चालत्या जबड्यांकडे बघत होती. तिने वाकून दगड उचलला, गोफणीत ठेवला आणि दोनदा फिरवून सोडला.

दगड तिच्या नवऱ्याच्या जबड्यावर बसला. हाड मोडल्याचा आवाज मचाणापर्यंत आला. दीर आडवे झाले, दात थुंकू लागले. माझा नवरा उठला, त्याने पडलेला विळा उचलला आणि भावाच्या डोक्यावर धरला. त्याने तेव्हा थांबू नये असंच मला वाटत होतं, खोटं कशाला बोलू.

जाऊबाईच्या गोफणीत दुसरा दगड होता.

"विळा टाका, भाऊजी. आधी बैल बाहेर काढा."

त्याने तिच्याकडे पाहिलं, विळा टाकला आणि बैल हाकले.

तोवर पाखरांचा थवा आमच्या रानावर उतरला होता. मी रडत होते. जाऊबाईने माझ्या हातात मातीचा गोळा कोंबला.

"मार," ती म्हणाली. "त्यांना आता चावता येणार नाही. सगळं दळून, पातळ करून भरवावं लागेल मला. दाणा जपायला हवा."

मी गोफण फिरवली. आम्ही उडवलेली पाखरं बांधापलीकडे, दिरांच्या रिकाम्या कणसांवर जाऊन बसली.