आठ सेकंदांची आत्या

या मंडळी, या. मागे उभे आहात ते पुढे या, दाराशी रेंगाळलात ते आत या. जागा आहे, जरा सरकून घेतलं की झालं. एका बाईची गोष्ट ऐकवायची आहे. माणसांना बाहेर कसं काढावं, या एका कोड्यापायी तिनं तीन वर्षं घातली. आणि ते कोडं सोडवलं कुणी? जिला कुणाच्या घरातून बाहेर काढणं प्रत्यक्ष देवालाही जमलं नसतं, तिनं!

त्या बाईला सगळे सेकंदबाई म्हणत. दुसऱ्या बायकांच्या गळ्यात साखळी असते, हिच्या गळ्यात काळ्या दोरीला अडकवलेलं स्टॉपवॉच. दूध उतू जायला किती सेकंद लागतात हे तिला ठाऊक. नवरा आंघोळीला गेला की बाहेरून आवाज यायचा, "सातशे झाली हं!" तो बिचारा गणिताचा मास्तर. म्हणायचा, "मी आकडे शिकवतो, ही मला आकड्यांनी धुते."

नोकरी होती प्रवासी सुरक्षा संशोधन केंद्रात. तिथं एका लांबलचक शेडमध्ये रेल्वेचा एक बाद झालेला डबा उभा होता. त्यात साठ माणसं बसवायची, डबा धुरानं भरायचा आणि सगळी बाहेर पडायला किती वेळ लागतो ते मोजायचं. धूर अर्थातच खोटा, नाटकातला. तो सोडायला धूरकाका होते. उभं आयुष्य एका नाटक कंपनीत स्वर्ग आणि नरक दोन्हींचा धूर सोडण्यात गेलं. म्हणायचे, "बाई, स्वर्गाला पांढरा, नरकाला लाल दिवा. धूर एकच. माणसाचंही तसंच आहे."

साठ माणसं रोजचीच. निवृत्त पोस्टमन, शिवणवर्गाच्या बाई आणि त्यांच्या मुली, कॉलेजची पोरं, दारात हमखास अडकणारा एक पैलवान. सराव झाला की चहा-बिस्किटं. बिस्किटांसाठी जीव धोक्यात घालणारे आम्हीच, असं पोस्टमन सगळ्यांना सांगायचे.

हिशेब सरळ होता. डब्यात आग लागली तर धूर आधी छताला जमतो, मग खाली उतरू लागतो. माणसाच्या नाकापर्यंत यायला त्याला नव्वद सेकंद लागतात. म्हणजे नव्वदच्या आत डबा रिकामा व्हायला हवा. आणि होत होता एकशे बत्तीसमध्ये.

सेकंदबाईनं काय नाही केलं? जमिनीवर अंधारात चमकणारे बाण रंगवले. दाराच्या कड्या मोठ्या केल्या. लाल दिवे लावले. एकशे बत्तीसचे एकशे अठ्ठावीस झाले, आणि गाडं तिथंच रुतलं.

डब्यात एक ध्वनिमुद्रित सूचना वाजायची. आवाज इस्त्री केलेला. "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. आपत्कालीन परिस्थिती उद्भवली आहे. घाबरू नये. सर्वांनी तत्काळ बाहेर जावे."

"घाबरू नये" ऐकलं की तोवर निवांत असलेलीही माणसं मान वर करून, घाबरण्यासारखं काय आहे ते शोधू लागत. मग एकमेकांची तोंडं बघणं. "उठायचं का हो?" "तुम्ही उठा, मग मी." मग पिशव्या. बाकाखालची, वरच्या फळीवरची, पिशवीतली पिशवी. शिवणबाई कापडाचे तुकडे गोळा करायच्या, पोस्टमन चपलेचा दुसरा पाय शोधायचे. आणि एवढं करून दाराशी पोचलं की, "आधी तुम्ही." "छे छे, वयाचा मान आहे, आधी तुम्ही." पैलवान आणि पोस्टमन यांच्या या सभ्यतेत अकरा सेकंद जायची. मोजली होती तिनं.

डोंगराखालून नवीन भुयार खणून झालं होतं आणि महिन्याभरात त्यातून गाड्या सुटणार होत्या. गुरुवारी समिती यायची होती. डबा नव्वदच्या आत रिकामा झाला नाही, तर शेड बंद, डबा भंगारात, आणि तीच इस्त्रीवाली सूचना भुयारातल्या प्रत्येक गाडीत. सेकंदबाईचा घास हातातच राहायचा. नोकरीचं एवढं नव्हतं. नव्वदच्या पुढच्या अडतीस सेकंदांत आत कोण कोण असतं, हे तिला तोंडपाठ होतं. वाकून चप्पल शोधणारे पोस्टमन. तुकडे वेचणाऱ्या शिवणबाई. रोज त्यांना हसत चहा द्यायचा, आणि वहीत मात्र लिहायचं, हे आत राहिले.

अशात सोमवारी आत्या आली. वडिलांची थोरली बहीण. नात्यात कुणी आजारी असो, कुणाचं बाळंतपण असो, आत्या न सांगता हजर. माया अशी की समोरच्याचं दुखणं लाजून बरं व्हावं. खोड एकच: आली की निघायची नाही. निघते म्हणून उठायची, पण उंबऱ्यावर तिला सगळं आठवायचं. लोणच्यात मीठ किती, धाकटीचा खोकला, भाऊजींचा गुडघा. "येते हं," म्हणायची आणि पुन्हा टेकायची. एकदा भाचीनं घड्याळ लावलं होतं. पहिल्या "येते हं"पासून पाय बाहेर पडेपर्यंत बावीस मिनिटं.

मंगळवारी साठातलं एक माणूस सर्दीनं आलं नाही. आत्या म्हणाली, "मी बसते की! बसायचंच काम आहे ना?"

धूरकाकांनी धूर सोडला. सूचना वाजली. एकशे सव्विसाव्या सेकंदाला पैलवान बाहेर आला. मोजणी एकोणसाठ.

सेकंदबाई आत डोकावली. धुरात आत्या ऐसपैस बसलेली, मांडीवर पिशवी, पिशवीवर हात.

"आत्या! तू उठली का नाहीस?"

"का उठू? ती बया मला जा म्हणाली."

"अगं, सूचना आहे ती!"

"असेल. घरी आलेल्या माणसाला कुणी जा म्हणतं का? आपण निघतानासुद्धा जाते म्हणत नाही, येते म्हणतो. आणि ही कोण टिकोजीराव, न ओळख न पाळख, मला हाकलायला? कुणाच्या जा म्हणण्यानं मी आजवर गेलेली नाही, बयो."

बाहेर एकोणसाठ माणसांचं हसू उसळलं. धूरकाका म्हणाले, "बाई, या तुमच्या आत्याला नरकातून काढायला यमालाही पगारवाढ मागावी लागेल." सेकंदबाईही हसली, पण वहीत "आत राहिले"च्या रकान्यात आत्याचं नाव लिहिलं. दोनच दिवस उरले होते.

घरी पोचल्या तर आत्या शेजारच्या काकूंकडे "एक मिनिट" डोकावली. अर्धा तास झाला. सेकंदबाईनं चहा टाकला, गाळला. खिडकीतून दिसत होतं: आत्या काकूंच्या दारात उभी, एक पाय बाहेर, एक आत.

"येते हं," आत्या म्हणाली.

"बरं, या," काकू म्हणाल्या. त्यांनी दोनदा जांभई दिली होती.

"आणि हो, तो गुडघा..."

सेकंदबाईनं आपल्या दारातून हाक मारली, "आत्या, ये गं! चहा निवतोय!"

सवयीनं बोट घड्याळावर दाबलं गेलं होतं. आत्यानं गुडघा तिथंच सोडला, पिशवी काकूंच्या खुंटीवर सोडली, चपलाही तिथंच सोडल्या आणि अनवाणी तुरुतुरु अंगण ओलांडून आली.

आठ सेकंद.

सेकंदबाईनं घड्याळ कानाशी नेलं. चालू होतं.

"आत्या, तुझी पिशवी?"

"राहिली की! आणते मागनं."

"चपला?"

"अगं, तू हाक मारलीस ना? जायचं म्हटलं की बोचकं आवरावं लागतं. यायचं म्हटलं की पाय पुरतात."

मंडळी, देवाचीही हीच रीत बघा. जा म्हणून त्यानं कुणाला तारल्याचं ऐकिवात नाही. तो पलीकडे उभा राहतो आणि ये म्हणतो. सेकंदबाईला त्या घटकेला देव आठवला की नाही कोण जाणे, पण तिनं आत्याला घट्ट मिठी मारली, चहा तसाच ठेवला आणि केंद्राकडे धावत सुटली.

"अगं, चहा!" आत्या ओरडली. मग भाचीच्या नवऱ्याकडे वळून म्हणाली, "बघा, ही मात्र जा न म्हणता जाते."

बुधवारी सकाळी तिनं डब्यातला कर्णा काढला आणि दाराबाहेर, शेडमधल्या फलाटाच्या बाजूला लावला. धूरकाका डोकं खाजवत म्हणाले, "बाई, आग आत आणि बोंब बाहेर?"

"बोंब नाही काका, हाक. माणसं आवाजाच्या दिशेनं येतात. आजवर आवाज आतच होता, मग ती आतच थांबायची."

"आणि म्हणायचं काय?"

"ते आत्या सांगेल."

आत्यानं आधी लाजून पदराशी चाळा केला, मग खाकरली आणि ध्वनिमुद्रण करणाऱ्या यंत्रापुढे अशी उभी राहिली, जशी संध्याकाळी पोरांना हाक मारायला अंगणात उभी राहायची. "या, या! इकडे या, दार इकडं आहे. या बाळांनो, असे या. पिशवी राहू दे, तुम्ही या. शेजारच्याचा हात धरा आणि या!"

दुपारी सराव झाला. पोस्टमन एका चपलेवर बाहेर आले आणि आपण बाहेर कसे आलो म्हणून स्वतःच बघत राहिले. ब्याऐंशी. पुन्हा घेतला. एकोणऐंशी. शिवणबाईंनी सेकंदबाईच्या गालाला हात लावला. सेकंदबाई वहीत "आत राहिले" या रकान्यासमोर पेन धरून उभी राहिली. लिहायला कुणीच नव्हतं.

गुरुवारी समिती आली. अध्यक्षांना फाइलसाहेब म्हणत, कारण त्यांची फाइल काखेतून खाली उतरलेली कुणी पाहिली नव्हती. सूचनेचा मजकूर त्यांनी चष्मा खालीवर करत वाचला.

"हे काय आहे? ही सूचना आहे की जेवणाचं आमंत्रण? 'या बाळांनो'? प्रवासी बाळं आहेत?"

"धुरात सगळेच असतात, साहेब," सेकंदबाई म्हणाली. म्हणून गेली आणि जीभ चावली.

"भाषेला काही दर्जा हवा. तुमच्या लोकांना बिस्किटांची सवय आहे, ते काय, कशालाही बाहेर येतील. मी स्वतः आत बसतो. मला काही फरक पडतो का ते पाहू."

रोजच्यातल्या पाचांच्या जागी समितीची पाच माणसं आत बसली. फाइलसाहेब मधल्या बाकावर, काखेत फाइल, चेहरा असा की भूकंपानं हलू नये.

आधी जुनी सूचना. "...सर्वांनी तत्काळ बाहेर जावे." फाइलसाहेबांनी मान डोलावली, "उत्तम मराठी" म्हणाले, फाइलची नाडी आवळली, खिशाला पेन लावलं आणि दाराशी येऊन पैलवानाला म्हणाले, "आधी तुम्ही." एकशे एकोणतीस.

मग नवी. धूर चढला. फलाटाकडून आवाज आला, उबदार, थोडा घोगरा. "या, या! दार इकडं आहे..."

सेकंदबाई दाराशी घड्याळ धरून होती, पण तिला आकडे दिसेनात. धुरातून आधी दोन मुली आल्या, हातात हात. मग पोस्टमन. आणि त्यांच्या हाताला धरून, चष्मा कपाळावर, केस विस्कटलेले, कोण? तर फाइलसाहेब! मागून पैलवान थेट आला, अंग तिरकं करून, न अडकता. मग बाकीचे, मग आणखी, मग कुणीच नाही.

"एक्क्याऐंशी!" तिच्या हातातल्या घड्याळात डोकावून धूरकाका ओरडले. यंत्र सोडून ते नाचायलाच लागले, त्यामुळे धूर चालूच राहिला आणि सगळी शेड स्वर्ग झाली.

फाइलसाहेब गंभीरपणे म्हणाले, "मला मात्र काही विशेष फरक जाणवला नाही."

आत्या फलाटावरच्या खुर्चीत बसली होती. तिनं त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "भाऊ, तुमची फाइल कुठाय?"

साहेबांनी काखेत हात घातला. काख रिकामी. डावी बघितली, उजवी बघितली. फाइल आत, मधल्या बाकावर, धुरात एकटी. मग साहेबांच्या मिशा हलल्या, खांदे हलले आणि ते असे हसले की डोळ्यांतून पाणी आलं. "माझी आई अशीच हाक मारायची हो," एवढंच म्हणाले. सहीसाठी पेन पोस्टमनकडून उसनं घेतलं. स्वतःचंही आतच राहिलं होतं.

शेड टिकली, डबा टिकला. भुयारातल्या प्रत्येक गाडीच्या दाराबाहेर एक छोटा कर्णा बसला, आणि त्यात आत्या. देवाच्या दयेनं सरावाच्या दिवसाखेरीज तो कधी वाजलेला नाही.

रविवारी आत्या गावी निघाली. स्टेशनवर गाडी लागली, ती दारात उभी राहिली आणि झालं, तिला सगळं आठवू लागलं. मीठ, खोकला, गुडघा. गार्डनं शिट्टी तोंडात धरली होती.

"आत्या, आत बस. गाडी सुटेल."

"मला जा म्हणतेस?"

"माझी हिंमत आहे?" सेकंदबाईनं गळ्यातलं स्टॉपवॉच काढलं आणि आत्याच्या गळ्यात घातलं. "लवकर ये, एवढंच म्हणते. किती दिवसांत येतेस ते मोज."

"इश्श! मला कुठं कळतंय यातलं?" आत्या म्हणाली, आणि घड्याळ कानाशी धरून आत जाऊन बसली. खिडकीतून हात हलत राहिला, गाडी वळेपर्यंत. सेकंदबाईनं ते मात्र मोजलं नाही.

तर मंडळी, उद्या तुमच्या उंबऱ्यावर कुणी "येते हं" म्हणून अर्धा तास उभं राहिलं, तर जांभई देऊ नका. आणि कुणाला अडचणीतून बाहेर काढायचं असेल, तर आधी आपण बाहेर उभे राहा आणि ये म्हणा. तेवढं म्हणताना आमच्या आत्याची आठवण ठेवा.