पाच फूट चार इंच

बास्केटबॉल हा उंच माणसांचा खेळ आहे, असं आमचे वामनराव दिवसातून चारदा तरी सांगत. ते स्वतः पाच फूट दोन इंच होते, त्यामुळे ऐकणाऱ्याला त्यात थोडी तक्रारही ऐकू येई. पोस्टातून रिटायर झाल्यावर ते उदय मंडळाचे अध्यक्ष झाले आणि मैदानाच्या कडेला खुर्ची टाकून बसू लागले. रस्त्याने कोणी उंच माणूस गेला, मग तो भाजी आणायला निघालेला असो की सासुरवाडीला, वामनराव त्याच्याकडे हळहळून बघत राहत.

आमचा कोच शालिकराम मूळचा उमरेडचा. त्याच्यापुढे उंचीचं नाव काढायची सोय नव्हती. "उंच तं लाइटचा खंबाही राह्यते," तो म्हणे. "त्याले बॉल देऊन पाहा, मंग सांगा." त्याला हवे असत हात, पाय आणि डोकं, आणि तिन्ही एका वेळी चालणारे. मी कुसुम, मुलींच्या शाळेत पी.टी.ची बाई. या दोघांचं भांडण तुटावं म्हणून निवड समितीत तिसरी मला घेतलं होतं. मी आल्यापासून भांडण तिघांचं झालं, एवढाच फरक पडला.

ही सत्त्याहत्तरच्या उन्हाळ्यातली गोष्ट. मुलींच्या लीगमध्ये शहरातली चार मंडळं खेळत. नव्या मुली घ्यायच्या असल्या की चारही मंडळांची माणसं एकत्र बसत आणि पाळीपाळीने एकेक मुलगी निवडत. गेल्या वर्षी जे मंडळ शेवटी आलं त्याला पहिली पाळी. ही पहिली पाळी आमच्याकडे इतकी वर्षं होती की वामनराव तिला मंडळाचा मान समजू लागले होते. आमच्या पहिल्या पाळीच्या मुलीला मंडळ कॉलेजची फी आणि हॉस्टेलचा खर्च देई. वर्गणी तेवढ्यालाच पुरायची. दुसऱ्या पाळीच्या मुलीला जर्सी मिळे, आणि तीही वर्षाअखेर धुऊन परत करावी लागे.

त्या वर्षी पहिली कोण, याबद्दल माझ्या मनात शंका नव्हती. वच्छला माझ्याच शाळेची, धंतोलीतल्या डॉक्टरांची मुलगी. बॉलकडे न बघता मैदानभर टप्पे देत फिरायची. तिला फीची गरज नव्हती, पण आम्हाला तिची होती. शालिकरामही तिच्याच बाजूचा. सगळं जमलं होतं, पण बोलता बोलता त्याच्या तोंडून निघून गेलं, "तशी मौद्याची एक पोरगी पाह्यली होती मी उमरेडच्या टूर्नामेंटमंदी. प्रेमिला नावाची. रिंगखाली उभी राह्यली की कोनाले बॉल भेटू देत नव्हती. पण टप्पा माराले लागली की बॉल एकीकडे अन् हे एकीकडे."

वामनरावांनी यातलं शेवटचं वाक्य ऐकलंच नाही. "उंची?"

"असन पाच-दहा."

"इंच?"

"मंग काय किलो?" शालिकराम म्हणाला.

झालं. तेव्हापासून वामनरावांना दुसरं काही सुचेना. निवड चाचणीच्या दिवशी ते नवा शर्ट घालून आले, आणि प्रेमिला आलीच नाही. घरी पाहुणे आहेत, असा तिच्या वडिलांचा निरोप आला. मी म्हटलं, नाव काढून टाका. जिला पाहुणे सोडवत नाहीत तिला बॉल कसा सोडवेल? माझा स्वभाव असा तडकाफडकी आहे, आणि तो सुधारावा असं मला फारसं वाटलेलं नाही. पण वामनराव हटून बसले. निवडीची बैठक रविवारी संध्याकाळी होती. त्याच सकाळी आम्ही तिघं भंडाऱ्याच्या एस.टी.त बसून मौद्याला निघालो. वामनरावांच्या खिशात शेजारच्या सुताराची लांब टेप, शालिकरामच्या हातात जाळीच्या पिशवीत बॉल. माझ्या हातात काही नव्हतं, मी भांडायला मोकळी होते.

"पोरगी पाच-दहा निघाली तं पहिली, बस," वामनराव म्हणाले.

"अन् नाही निघाली तं?" शालिकरामने विचारलं.

"तं तुमची वच्छला. मी एक शब्द नाही बोलत."

ते एक शब्द बोलणार नाहीत, यावर कंडक्टरचाही विश्वास बसला नसता. पण ठरलं मात्र असं.

प्रेमिलाचे वडील देवाजी हे जिल्हा परिषदेच्या शाळेत गुरुजी. घर दोन खोल्यांचं, सारवलेलं, भिंतीवर बुद्धाचा आणि बाबासाहेबांचा फोटो. आम्ही पोचलो तेव्हा तिथे एक गृहस्थ आधीच स्टुलावर बसून चहा पीत होते. देवाजींनी ओळख करून दिली. "हे नत्थूजी. आमच्या प्रेमिलासाठी यांच्या भाच्याची गोष्ट चालू आहे." चाचणीच्या दिवशीचे पाहुणे कोण होते, ते आम्हाला तेव्हा कळलं.

प्रेमिला कोपऱ्यात चटईवर मांडी घालून चिंचा फोडत होती. तिने बसल्या बसल्याच हात जोडले. खांदे आत ओढलेले, मान खाली, कोपर पोटाशी. अंग चोरून बसायचं म्हणजे किती चोरायचं, याला काही हद्द असते. मुलींना असं बसायला शिकवलेलं मी शाळेत रोज बघते आणि रोज माझं डोकं फिरतं.

चहा आला. वामनरावांनी दोन घोटांत तो संपवला आणि विचारलं, "गुरुजी, उंची किती आहे पोरीची?"

देवाजींनी एकदा नत्थूजींकडे पाहिलं. "पाच फूट चार इंच."

शालिकरामच्या बशीतला चहा पॅंटवर सांडला. "गुरुजी, उमरेडले तं मी..."

"तवा तिनं बूट घातले होते."

"सहा इंचाचे?" मी विचारलं.

देवाजींनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी कपात बघायला लागले. नत्थूजी मात्र खुशीत होते. "आमचा विश्वनाथ पाच-पाच आहे," ते म्हणाले. "एका इंचानं का होईना, पोरगा वर आहे. जोडा शोभते."

वामनरावांनी खिशातून टेप काढली. "बेटा, एक मिनिट उभी राह्यतं का?"

"तिचा पाय मुरगळला आहे," देवाजी घाईने म्हणाले.

"अजून मुरगळलेलाच आहे का?" नत्थूजी काळजीने म्हणाले. "मांगच्या खेपेलेही मुरगळला होता. दवा करा ना गुरुजी."

आता कोडं कसलंच उरलं नाही. उभी राहिली तर विश्वनाथ एका इंचाने वर राहत नव्हता आणि सोयरीक मोडत होती. बसून राहिली तर पाच-चारची मुलगी वामनराव पहिल्या पाळीत घेणार नव्हते, आणि पहिली पाळी नाही म्हणजे हॉस्टेल नाही, कॉलेज नाही. मग काही महिन्यांत लग्न, आणि तिथेही बहुतेक बसूनच. मला राहवलं नाही. मी सरळ तिलाच विचारलं, "प्रेमिला, तुला खेळायचं आहे का गं?"

"हो बाई," ती म्हणाली. वडील काही बोलायच्या आत तिने पुढचंही सांगून टाकलं. "कॉलेजातही जायचं आहे."

देवाजी जमिनीकडे बघत राहिले. वामनराव टेप गुंडाळू लागले. शालिकराम त्यांच्या कानाशी लागून, म्हणजे सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, "मी सांगून राहिलो होतो ना, वच्छला!" असं म्हणाला. मीही उठायच्या बेतात होते.

तेवढ्यात आतून प्रेमिलाच्या आईचा, भीमाबाईंचा आवाज आला. "प्रेमिला वं, फळीवरचा लाडवाचा डबा काढून दे. पाहुण्याइले लाडू द्याचे आहेत."

"तूच काढ ना," देवाजी ओरडले.

"माहा हात पुरत नाही."

"स्टूल घे."

"स्टुलावर तं नत्थूजी बसले आहेत."

नत्थूजी भले गृहस्थ. ते अर्धे उठलेच. भीमाबाई दारात आल्या आणि पदर सारखा करत म्हणाल्या, "बसा जी तुमी. पाहुण्याले उठवाची पद्धत नाही आमच्याकडे."

फळी आमच्यासमोरच होती, पार कौलांच्या खाली. प्रेमिलाने वडिलांकडे पाहिलं. तिने चिंचांचं ताट बाजूला सारलं आणि ती उठली. उठली म्हणजे उठतच राहिली. मी खाली बसलेली, माझी मान मागे मागे जात होती. तिने टाचा न उचलता हात वर केला आणि डबा काढला.

शालिकरामने त्याच क्षणी बॉल पिशवीतून काढून फेकला. का, ते त्यालाही सांगता आलं नसतं. उजव्या हातात डबा तसाच धरून प्रेमिलाने डाव्या हाताने बॉल हवेतच झेलला. डब्यातले लाडू खडखडले, झाकण पडलं नाही.

"लाडू फुटतीन वं," भीमाबाई म्हणाल्या.

नत्थूजींनी कप खाली ठेवला. "गुरुजी, पाय लवकर बरा झाला," ते म्हणाले, आणि मग हसले. ते रागावले असते तर बरं झालं असतं, मला त्यांच्याशी भांडता आलं असतं. "पोरगी नंबर एक आहे. पण आमचा विश्वनाथ हिच्याबरोबर बजारात गेला तं लोकं विचारतीन, लहान भाऊ कोनत्या वर्गात आहे." त्यांनी एक लाडू खाल्ला, एक विश्वनाथसाठी रुमालात बांधून घेतला आणि सायकलवर बसून ते निघून गेले.

देवाजी मटकन खाली बसले. "चौथी गोष्ट होय हे," ते म्हणाले. ते बायकोवर ओरडले नाहीत, आमच्यावरही नाही. "सारे येतात, पोरगी पाह्यतात, वरपासून खालपर्यंत पाह्यतात अन् हासून निघून जातात. तुमी आता गाडीत बसून जासान. मले अन् तिले इथंच राह्याचं आहे ना जी."

तोवर मी त्यांना मनातल्या मनात लबाड, भित्रा, काय काय म्हणून घेतलं होतं. आता मला त्यातलं एकही नाव तोंडावर आणवेना. मुलीची उंची सहा इंचांनी कापताना बापाला काय होत असेल, हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. फार वाईट वाटलं मला.

प्रेमिला तशीच उभी होती. "बाबा," ती म्हणाली, "बसून बसून माही पाठ दुखते."

देवाजींनी मान वर करून तिच्याकडे पाहिलं.

"पहिली," वामनराव पुटपुटले. देवळात बोलावं तसा त्यांचा आवाज झाला होता.

"पहिली नाही," शालिकराम म्हणाला. तो अशा वेळीही गप्प बसत नाही. "हात आहे, मानलं. पण टप्प्याचं काय? वच्छला पहिली, हे दुसरी."

"अरे, इतकी उंच पोरगी दुसऱ्या पाळीपर्यंत कोनी ठेवन का आपल्यासाठी? बाकीच्यायले काय डोळे नाहीत?"

"तं मंग वच्छलाले ठेवतीन का?"

दोघं तिथेच जुंपले. देवाजी कधी याच्याकडे, कधी त्याच्याकडे बघत होते. मध्येच त्यांनी हळूच मला विचारलं, "बाई, दुसरीले हॉस्टेल भेटते का?"

"दुसरीला जर्सी मिळते," मी म्हटलं. "तीही परत द्यावी लागते."

मग मी त्या दोघांना गप्प केलं. म्हटलं, माझं मत प्रेमिलाला. वच्छला दुसऱ्या मंडळात जाईल आणि आपल्याला मैदानभर पळवेल, हे मला दिसतं आहे. मीच शिकवलंय तिला. पण हरायची आपल्याला सवय आहे, एखादं वर्ष आणखी हरू. शालिकरामने बॉल पिशवीत घातला, पुन्हा बाहेर काढला. "म्हंजे टप्पा मलेच शिकवा लागन," तो म्हणाला. मी म्हटलं, नाहीतर तुला कोच कशाला म्हणतात?

"उंची मात्र मोजून लिहाची," वामनराव म्हणाले. "बाकीच्यायले दाखवाले पाह्यजे." ते टेप घेऊन प्रेमिलाजवळ गेले. चवड्यांवर उभं राहूनही त्यांचा हात तिच्या डोक्यापर्यंत धड पोचेना. देवाजी काही वेळ ते बघत राहिले. मग उठले, कोनाड्यातली पाटी आणि खडू घेतला आणि मुलीला दाराच्या चौकटीला टेकवून उभं केलं.

"सरळ उभी राह्य," ते म्हणाले. "मान वर कर. आनखी."

त्यांनी तिच्या डोक्यावर पाटी आडवी धरली आणि चौकटीवर खडूने रेघ मारली. प्रेमिला बाजूला झाली. वामनरावांनी टेपचं एक टोक माझ्याकडे जमिनीशी दिलं, दुसरं रेघेपर्यंत ताणलं, आणि मान वर करकरून आकडा वाचला. "पाच फूट दहा. लिहा, कुसुमताई."

"थांबा," देवाजी म्हणाले. त्यांनी खिशातून चष्मा काढून डोळ्यांवर चढवला आणि वामनरावांना बाजूला सारून रेघेजवळ तोंड नेलं.

"साडेदहा," ते म्हणाले. "नीट पाहा ना जी. पोरीचा अर्धा इंच काहून कापता?"